शहराचं संग्रहालय उद्घाटनानंतर चालवायचं कसं? प्रदर्शनं, कार्यक्रम आणि दाखल नोंदवही

प्रश्न असा आहे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात नगरपालिकेनं जुन्या कचेरीच्या इमारतीत शहराच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू केलं. तीन खोल्या, दोनेकशे वस्तू, एक शिपाई आणि अर्धवेळ काम करणारा एक लिपिक. उद्घाटनाला मांडव भरला होता. नंतरच्या महिन्यांत शाळेच्या एक-दोन सहली सोडल्या तर कोणी फिरकलं नाही. समितीचे एक सदस्य विचारतात की वर्षाला किती प्रदर्शनं भरवावीत, कार्यक्रम कोणते घ्यावेत, आणि एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा का येईल?

थोडक्यात उत्तर आधी देतो. वर्षात दोन तात्पुरती प्रदर्शनं पुरेत, तिसऱ्याच्या मागे लागू नका. प्रत्येक प्रदर्शनाभोवती तीन-चार छोटे कार्यक्रम ठेवा. आणि एक नियम कधीही मोडू नका: कार्यक्रम संपेल तेव्हा तुमच्या दाखल नोंदवहीत, म्हणजे संग्रहातल्या वस्तूंच्या वहीत, काहीतरी नवं लिहिलं गेलेलं असलं पाहिजे. एखादी वस्तू, जुन्या फोटोतल्या चार माणसांची नावं, एखाद्या पेठेची आठवण, एखाद्या अवजाराचं तुमच्या गावातलं नाव. हजेरीपटावर दोनशे सह्या आल्या आणि वहीत एकही ओळ वाढली नाही, तर त्या कार्यक्रमातून संग्रहालयाला काही मिळालं नाही, असं मी मानतो. अनेक वर्षं हे काम करून माझं हे मत पक्कं झालं आहे. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

शहराच्या संग्रहालयाची गोष्ट इतर संग्रहालयांपेक्षा वेगळी असते. चित्रांच्या किंवा मूर्तींच्या दालनात बघणाऱ्यापेक्षा अभिरक्षकाला (क्युरेटरला) जास्त माहिती असते, आणि ते ठीकही आहे. शहराच्या इतिहासात मात्र दारातून आत येणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईंना तुमच्या फोटोतली आळी तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्या येतात, फलक वाचतात, "हे असं नव्हतं" असं शेजारणीला सांगतात आणि निघून जातात. ते वाक्य टिपून घ्यायला तिथं कोणी नसेल तर तुमच्या हातून काय निसटलं हे तुम्हाला कधी कळणारही नाही. त्यांना बोलतं करायचं, ते लिहून घ्यायचं, आणि पुढच्या वेळी फलकावर त्यांच्या नावानिशी ते दिसेल अशी सोय करायची. असं झालं की त्या पुन्हा येतात आणि येताना नातवंडांना घेऊन येतात.

मुंबईचं उदाहरण बघा. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबई शहराचं संग्रहालय. त्याची सुरुवात १८५०च्या दशकात फोर्टात झाली. आजची इमारत २ मे १८७२ला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावानं लोकांसाठी खुली झाली. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी अशा मंडळींनी त्यासाठी खटपट केली होती. १९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. पुढे इमारत इतकी खालावली की २००३पासून महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून जीर्णोद्धार हाती घेतला. त्याला २००५मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८च्या जानेवारीत दारं पुन्हा उघडली.

इमारतीचं काम सगळ्यांना दिसलं. मला त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्याकडे संग्रह जुनाच होता: मुंबईतल्या वेगवेगळ्या जमातींच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती, नकाशे, जहाजांची मॉडेलं, धातूकाम, लाकूडकाम. त्याच वस्तू, त्याच लाकडी कपाटांत. त्यांनी सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया अशा आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावलं आणि सांगितलं, आमच्या संग्रहाकडे बघा आणि त्याला तुमचं उत्तर द्या. नवी कामं जुन्या कपाटांच्या शेजारी उभी राहिली. आधी येऊन गेलेला माणूस पुन्हा आला तो नवं काम बघायला, आणि त्या निमित्तानं त्यानं जुनं कपाट पहिल्यांदा नीट पाहिलं. तुमच्या गावात हे नेमकं असं होणार नाही, व्हायची गरजही नाही. घ्यायचं ते एवढंच की नवी वस्तू न आणताही जुन्या वस्तूला नवा प्रश्न विचारता येतो.

त्याच आवारातलं दुसरं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा म्हटलं तोच हा. १८६४मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो कोसळून फुटला, आणि १९१४मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. जवळ गेलात तर सांधे दिसतात. बागेतच काळा घोडा आहे, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, १९६५मध्ये फोर्टातून हलवलेला. मुंबईकर अजून त्या चौकाला काळा घोडाच म्हणतात आणि घोडा इकडे भायखळ्यात. शिवाय राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा आहे, ज्याला चापेकर बंधूंनी १८९६मध्ये डांबर फासलं होतं. पुढच्याच वर्षी, २२ जून १८९७च्या रात्री, पुण्यात त्यांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. तीन पुतळे आणि एक तासाची फेरी. त्यात घारापुरीपासून पुण्याच्या प्लेगपर्यंतचा इतिहास चालत चालत सांगून होतो. मुलांना मी हत्तीच्या सांध्यांपाशी उभं करून विचारतो, हा फुटला कसा असेल? माझ्या आधी मुलंच दहा उत्तरं देतात. खरी हकिकत नंतर सांगितली की ती त्यांच्या लक्षात राहते.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचंही तसंच. १९४५-४६च्या ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत, आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्तीही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठच्या गावाचा रोमशी व्यापार होता, याचा तो पुरावा. काचेआडची मूर्ती बघायची आणि लगेच चालत ब्रह्मपुरीच्या टेकाडावर जायचं. वस्तू आणि जागा यांच्यामध्ये चालण्याइतकंच अंतर आहे, ही शहराच्या संग्रहालयाची मोठी मिळकत. तुमच्याकडेही अशी जोडी निघेल: काचपेटीतला एक दगड, वीट, पाटी किंवा कागद, आणि तो जिथून आला ती जागा. पहिली वारसाफेरी तिथूनच काढा. गावभर नऊ ठिकाणं दाखवणारी फेरी पाचव्या ठिकाणी गळते. तीन ठिकाणं घ्या, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं थांबा, आणि तिथं राहणाऱ्या कुणाला तरी दोन शब्द बोलायला आधीच सांगून ठेवा.

आता प्रदर्शनाकडे येतो. बहुतेक समित्या विषय ठरवतात तो दिनविशेषावरून. जयंती आली, फ्लेक्स लागले, तैलचित्राला हार घातला, दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. विषय घ्यावा तो तुमच्याकडे वस्तू आहेत आणि गावात ज्याच्याबद्दल बोलणारी माणसं अजून आहेत असा. तुमच्या यादीत धान्याची मापं आहेत, जुनी तराजू आहे, एका दुकानाच्या कीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, वह्या आहेत. यातून "शेर गेला, किलो आला" हे प्रदर्शन सहज उभं राहतं. हे थोडं तपशिलानं सांगतो, म्हणजे पद्धत लक्षात येईल.

आपल्याकडे दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला. वजनं-मापं बदलायचा कायदा १९५६चा, आणि ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. म्हणजे सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला आणि पाठोपाठ शेर-पायलीची जागा किलोनं घेतली. दोन-चार वर्षांत गावाचा सगळा बाजार मनातल्या मनात नवा हिशेब शिकला. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि तुमच्या गावात राहतात. ती बाजारात पाठवली जात होती, त्यांना हे सगळं आठवतं. आणखी दहा वर्षांनी हे प्रदर्शन असं करता येणार नाही.

वस्तू काय? चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सोनाराकडचे तोळा, मासा आणि गुंज. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. कापडवाल्याचा गज. शाळेची जुनी अंकलिपी, ज्यात पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, आहेत. बाजारपेठेतल्या दोन जुन्या दुकानांना विचारा, त्यांच्या माळ्यावर अजून पितळी मापं निघतात. एक पायली उलटी करून तिचा तळ आणि काठ बघा: तपासणीचे शिक्के दिसतील, काही ठिकाणी एकावर एक मारलेले. काठ एका बाजूला जास्त झिजलेला असतो, कारण धान्य सपाट करायला हात किंवा पट्टी वर्षानुवर्षं त्याच बाजूनं फिरलेली असते. हे काचेतून दिसणार नाही, म्हणून माप आरशावर ठेवा किंवा शेजारी तळाचा मोठा फोटो लावा. आणि एक कळकळीची विनंती: उद्घाटनाच्या आधी कोणीतरी उत्साहानं चिंच किंवा पॉलिश घेऊन पितळ चकचकीत करायला बसतो, त्याला थांबवा. घासून घासून शिक्का जातो, आणि शिक्का गेला की मापाची अर्धी माहिती गेली. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, बास.

आता त्याचे कार्यक्रम. पहिला, मापण्याचा. मध्ये ज्वारीचं पोतं ठेवा, चालू स्थितीतली दोन मापं ठेवा. संग्रहातली नव्हे, वापरायची वेगळी आणा. शेजारी दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. गावातल्या दोन आज्यांना आणि एका जुन्या अडत्याला बोलवा. एक पायली ज्वारी किती किलो भरते, हे मुलं मोजतील. लगेच वाद सुरू होईल, कारण आमच्याकडची पायली मोठी, पलीकडच्या गावची लहान. माप सपाट भरायचं की शीग लावून. मणाला बारा पायल्या की सोळा. हा वाद मिटवू नका. कोण कोणत्या गावचं, कोणत्या वाडीचं, आणि त्यांच्याकडे पायली केवढी, हे कोणीतरी बाजूला बसून लिहून घ्या. तालुक्यातल्या मापांचा असा तक्ता छापील पुस्तकात शोधायला जाल तर हाती लागणं अवघड. तो तुमच्या खोलीत एका दुपारी तयार होतो आणि प्रदर्शन संपायच्या आधी भिंतीवर लागतो. आज्या तो बघायला परत येतात.

दुसरा कार्यक्रम, जुन्या वह्यांचं वाचन. दुकानाची कीर्द मोडीत असेल तर मोडी वाचणारा कोणीतरी तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. एकच पान घ्या. त्या दिवशी गूळ काय भावानं गेला, उधारी कोणाची. इथं जरा जपून: उधारीच्या पानावर आजही गावात राहणाऱ्या घरांची नावं असतात. पान लोकांसमोर लावण्याआधी दुकानाच्या मालकाला दाखवा, गरज असेल तर नावं झाका.

तिसरा, फोटोंचा. बाजारपेठेचे जुने फोटो पडद्यावर दाखवायचे आणि लोकांनी दुकानं, माणसं ओळखायची. फलकबाजीपेक्षा या एका संध्याकाळीतून जास्त माहिती मिळते, हे मी छातीठोकपणे सांगतो. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि कोणी काय ओळखलं ते सांगणाऱ्याच्या नावासकट लिहा. दोघांनी वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा. त्याच दिवशी लोकांना त्यांचे फोटो आणायला सांगून तिथंच स्कॅन करून परत द्या. फोटो ठेवून घेऊ नका. परत मिळेल की नाही ही धास्ती असली की माणूस अल्बम कपाटातून काढत नाही. स्कॅन ६०० डीपीआयला करा, मूळ फाइल टिफ स्वरूपात जपा, फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथं असते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोलून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

आठवणी ध्वनिमुद्रित करताना "जुन्या काळाबद्दल सांगा" असं म्हणू नका. त्यावर सगळे एकच सांगतात: स्वस्ताई होती, माणुसकी होती. त्याऐवजी विचारा, तुमच्या घरातून बाजाराला निघालात की वाटेत काय काय लागायचं? पिशवी कशाची होती? सुटे पैसे नसले तर दुकानदार काय द्यायचा? मग माणूस चालायला लागतो आणि एकेक दुकान सांगत जातो. पंखा बंद करा, मुद्रणाच्या सुरुवातीला नाव, तारीख, जागा बोलून घ्या, आणि हे लोकांना ऐकवायला त्यांची परवानगी आहे की नाही ते सहीनं घ्या. पाऊण तासाच्या पुढे वयस्कर माणसाला बसवू नका.

फलकांवर थोडं बोलायलाच हवं, कारण तिथं बहुतेक छोटी संग्रहालयं हरतात. "धान्याचे माप, पितळ, विसावे शतक" एवढ्यानं कोणाचं काही भलं होत नाही. असं लिहा: "पायली. चार शेरांचं माप. आठवड्याच्या बाजारात ज्वारी यानं मोजली जायची. तळावरचे शिक्के बघा: माप खरं आहे की नाही, याची तपासणी व्हायची. तुमच्या घरी अजून पायलीनं मोजतात का?" साठ-सत्तर शब्दांच्या वर एकही फलक नको. अक्षर हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे, आणि फलक मुलांना मान वर न करता व मोठ्यांना न वाकता दिसेल अशा उंचीवर हवा. छपाईच्या आधी तो एकदा आठवीतल्या मुलाला मोठ्यानं वाचायला द्या. तो जिथं अडखळेल तिथं वाक्य मोडा.

उजेड आणि ओल यांच्याकडे दुर्लक्ष झालं की प्रदर्शनच वस्तूचा घात करतं. कागद, फोटो, कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. मोबाइलवर लक्स मोजायचं अॅप मिळतं, ते अंदाजापुरतं चालतं. खोली थोडी अंधारी वाटेल, डोळे दोन मिनिटांत सरावतात. हॅलोजन काढून टाका, खिडकीला पडदा लावा, आणि मूळ कागद तीन महिन्यांवर बाहेर ठेवू नका; मग त्याची चांगली प्रत लावा आणि "ही प्रत आहे" असं स्पष्ट लिहा. जुन्या कागदाला लॅमिनेशन कधीही करू नका, सेलोटेपही लावू नका. पावसाळ्यात काचपेट्या बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, आत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा, दर आठवड्याला कोपरे बघा: बुरशी, कसर, वाळवीची मातीची रेघ. हे काम शिपायाला नीट शिकवा आणि त्याच्या नावानं वही ठेवा. मी पाहिलेल्या छोट्या संग्रहालयांपैकी जी टिकली, तिथं रोज दार उघडणाऱ्या माणसाला वस्तूंची नावं तोंडपाठ होती.

लोकांच्या घरून वस्तू येतील तेव्हा दान आणि उसनी या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी वेगळ्या करा. छापील पावती दोन प्रतींत, वस्तूचे चारी बाजूंचे फोटो, आधीपासूनची चीर किंवा पोचा असेल तर त्याची नोंद, परत द्यायची तारीख, दोघांच्या सह्या. गावात ओळख असते म्हणून हे टाळलं जातं आणि पुढच्या पिढीत त्यावरूनच भांडणं होतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना, आणि ७५ वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना, १९७२चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. मूर्ती, ताम्रपट, पोथी आली की पुरातत्त्व विभागाशी बोलूनच दाखल करा. तलवार, कट्यार, बंदूक आली तर आधी पोलीस ठाण्यात विचारा.

कार्यक्रम कधी घ्यायचे, हे दिनदर्शिकेपेक्षा गावाच्या चालीवरून ठरवा. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, पण तेव्हा शाळांना सुट्टी, ऊन भाजून काढतं, आणि "विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान" ठेवलं तर विद्यार्थीच नसतात. उलट मे महिन्यात आणि दिवाळीत पुण्या-मुंबईला गेलेली माणसं घरी आलेली असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात. फोटो ओळखण्याची संध्याकाळ आणि आठवणींचं मुद्रण तेव्हाच करा. दिवाळीत मुलं अंगणात किल्ले करतातच. त्यांना संग्रहालयात बोलवा आणि तुमच्या भागातल्या एका खऱ्या गढीचा किंवा किल्ल्याचा नकाशा पुढ्यात ठेवून तसा किल्ला करायला सांगा. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणून मोठं प्रदर्शन नोव्हेंबरअखेरीस उघडा. चौथीच्या मुलांना शिवछत्रपतींचा इतिहास असतो, त्यांच्या शिक्षकांना आधी एकटं बोलावून दालन दाखवा. शिक्षक एकदा फिरून गेले की मुलांचं येणं नुसतं रांगेत फिरून जाणं राहत नाही. जून ते सप्टेंबर या काळात काही उघडू नका. तेव्हा नोंदी करा, मुद्रणं लिहून काढा, पुढच्या प्रदर्शनाची तयारी करा.

दुसरं प्रदर्शन कोणतं, असं विचाराल तर मी पाणी हा विषय घेईन. तुमचं गाव कृष्णेकाठी आहे. २००५, २०१९ आणि २०२१चे पूर घराघरांत आठवतात. आयर्विन पुलाखालची पाण्याची पातळी किती फुटांवर गेली हे सांगलीकडची शाळकरी मुलंही सांगतात. गावात फिरून भिंतींवरच्या पुराच्या खुणा नोंदवा, नकाशावर मांडा, वर्षं लिहा. पण पाण्याचा विषय पुरापाशी थांबवू नका. नळ येण्याआधी गावात कोण कोणत्या विहिरीवर पाणी भरत होतं आणि कोणाला भरू दिलं जात नव्हतं, हाही शहराचाच इतिहास आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेनं १९२४मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिल्यामुळे २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जावं लागलं. त्या वर्षांत तुमच्या नगरपालिकेनं पाणवठ्यांबद्दल काय ठरवलं होतं? ठरावांच्या जुन्या वह्या तुमच्याच कचेरीच्या दप्तरखान्यात असतील. तुम्ही नगरपालिकेचे आहात, बाहेरच्या संशोधकाला खेटे घालून जे मिळतं ते तुम्हाला एका अर्जावर मिळू शकतं. याचा उपयोग करा.

असा विषय काढला की समितीत कोणीतरी म्हणतं, जुनं उकरायला नको, वाद होतील. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्या वस्तीला पाणी नाकारलं गेलं त्या वस्तीतली माणसं तुमच्या संग्रहालयात आजवर का आली नाहीत, याचं उत्तरही त्यातच आहे. फक्त हे काम त्यांच्याविषयी करू नका, त्यांच्यासोबत करा. वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांना पहिल्या बैठकीपासून समितीत घ्या, फलकाचा मजकूर त्यांना दाखवून मगच छापा. कागदाच्या आधारानं, तारीख-वारासकट लिहिलं आणि विशेषणं टाळली, तर वाद घालायलाही लोकांना आत येऊन आधी वाचावं लागतं.

पैशांचं सांगतो. हाती जे अनुदान येईल त्यातला मोठा हिस्सा मंडप, फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्हं यांच्यात जाऊ देऊ नका. आधी दिवे, पडदे, कुलुपं, चांगला स्कॅनर आणि दोन हार्ड डिस्क. एक डिस्क इमारतीबाहेर, शक्यतो गावातल्या उंच भागात ठेवायची, कारण नदी जवळ आहे. उरलेल्यात फलक. उद्घाटनाला पाहुणे जरूर बोलवा, पण प्रदर्शन उघडायला ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीचा हात असू द्या, आणि भाषणांच्या आधी लोकांना दालनात सोडा. भाषणानंतर सोडलं तर निम्मी मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात.

सुरुवात या महिन्यातच करा. नवीन काहीही न आणता आहेत त्या दोनशे वस्तूंची दाखल नोंदवही पूर्ण करायला घ्या: क्रमांक, नाव, गावातलं नाव, कोणाकडून आली, कधी, मोजमाप, स्थिती, फोटो. लिपिकाला रोज पाच वस्तू दिल्या तर दीड-दोन महिन्यांत होतं. प्रत्येक पानावर एक रकाना मुद्दाम मोकळा ठेवा आणि त्यावर लिहा, "सांगणाऱ्याचं नाव". ही वही टेबलावर उघडी ठेवा, दारातून येणाऱ्याला दिसेल अशी, आणि शेजारी पेन.